इंजिनातल्या तेलात बुडालेला बेल्ट: दहा वर्षांचं वचन मधेच का तुटतंय?

गाड्यांचे रील बघत असाल, तर हा सीन तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. मेकॅनिक गाडीखालचं ऑइल चेंबर उघडतो, आतली बारीक जाळी काढतो आणि कॅमेऱ्यासमोर धरतो. जाळीवर काळा, चिकट गाळ बसलेला असतो. बोटाने खरवडला की त्यातून रबराचे कण आणि दोऱ्याचे धागे निघतात. खाली कॅप्शन असतं, 'हे इंजिन चुकूनही घेऊ नका.' कमेंटमध्ये लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, कंपनीने फसवलं. दुसरा म्हणतो, वेळेवर ऑइल बदललं असतं तर काही झालं नसतं.

रील अर्ध्या मिनिटात संपतो, प्रश्न मात्र तसेच राहतात. रबराचा बेल्ट तेलात ठेवायची कल्पना आली कुठून? त्यात बिघडतं काय? आपल्याकडच्या कोणत्या गाड्यांत तो आहे? आणि दहा वर्षं टिकेल असं सांगितलेला पार्ट सहाव्या-सातव्या वर्षी गेला, तर बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

एकेक करून समजून घेऊ.

टायमिंग बेल्ट नेमकं करतो काय?

इंजिनात दोन महत्त्वाचे शाफ्ट असतात. खाली क्रँकशाफ्ट. पिस्टन वरखाली झाले की हा फिरतो आणि तीच ताकद पुढे चाकांपर्यंत जाते. वर कॅमशाफ्ट. तो वॉल्व्ह उघडतो आणि बंद होऊ देतो, म्हणजे हवा आत कधी यायची आणि धूर बाहेर कधी जायचा हे तो ठरवतो. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची बरोबर एक फेरी व्हायला हवी. दोघांना या हिशेबात बांधून ठेवतो तो टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन.

वेग किती? समजा हायवेवर तुमचं इंजिन ३००० आरपीएमवर फिरतंय. कॅमशाफ्ट मिनिटाला १५०० फेऱ्या मारतोय, म्हणजे सेकंदाला २५. प्रत्येक वॉल्व्ह एका सेकंदात २५ वेळा उघडून बंद होतोय. आजच्या बहुतेक इंजिनांत उघडा वॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या क्षणी. बेल्ट तुटला किंवा त्याचे दात गेले की हा क्षण चुकतो आणि दोघं एकमेकांवर आदळतात. वॉल्व्ह वाकतात, पिस्टनला मार बसतो आणि एका बेल्टपायी अख्खं इंजिन उघडावं लागतं.

हे काम करायचे दोन जुने मार्ग होते. पहिला लोखंडी चेनचा. ती इंजिनाच्या आत, तेलात फिरते. दुसरा रबरी बेल्टचा. तो इंजिनाच्या बाजूला, प्लास्टिकच्या कव्हरखाली कोरडा फिरतो. या कोरड्या बेल्टबद्दल गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं एकच नियम सांगितला गेला: बेल्टला तेल लागू देऊ नका. शेजारचं ऑइल सील गळायला लागलं, तर सीलबरोबर बेल्टही बदला, कारण तेल रबर खातं.

आणि मग कंपन्यांनी बेल्टच तेलात ठेवला.

तेलात बेल्ट ठेवायची गरज का पडली?

यालाच इंग्रजीत 'वेट बेल्ट' किंवा 'बेल्ट इन ऑइल' म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिकही हेच शब्द वापरतात. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्डने युरोपातल्या १.८ लिटर डिझेल इंजिनात चेनऐवजी असा बेल्ट आणला. पुढच्या दशकात छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांमधून तो लाखो गाड्यांत पोहोचला.

कंपन्यांची कारणं खोटी नव्हती. चेनपेक्षा बेल्ट हलका असतो आणि आवाज कमी करतो. तेलात फिरल्यामुळे घर्षण कमी होतं. कोरड्या बेल्टपेक्षा तो अरुंद ठेवता येतो, त्यामुळे इंजिनाची लांबी कमी होते. इंधनात बचत होते सुमारे एक टक्का.

तुम्ही म्हणाल, एक टक्क्यासाठी एवढा उपद्व्याप?

इथे युरोपचा नियम लक्षात घ्यायला हवा. युरोपियन युनियनने २००९ मध्येच ठरवून टाकलं होतं की कंपनीने विकलेल्या नव्या गाड्यांचं सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन आधी किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणि पुढे ९५ ग्रॅमवर यायला हवं. नाही आलं तर दंड. तो वाढत वाढत प्रत्येक जादा ग्रॅममागे, प्रत्येक विकलेल्या गाडीमागे ९५ युरोंवर गेला. वर्षाला दहा लाख गाड्या विकणारी कंपनी फक्त एका ग्रॅमने चुकली, तर साडेनऊ कोटी युरो गेले. साधारण ११० ग्रॅमच्या गाडीत एक टक्का बचत म्हणजे एका ग्रॅमहून थोडं जास्त. आता तो एक टक्का छोटा वाटणार नाही.

भारतातही याच धाटणीचे नियम आहेत. त्यांना 'कॅफे' नॉर्म्स म्हणतात. २०१७-१८ पासून ते लागू झाले आणि २०२२-२३ पासून आणखी कडक झाले. या नियमांमुळे गाड्या कमी इंधन पितात, हे खरंच आहे. पण या नियमांत गाडी नवी असताना किती ग्रॅम सोडते, हे मोजतात. आठव्या वर्षी तिच्या बेल्टची काय अवस्था असेल, ते कोणी मोजत नाही.

मग तेलात बेल्टचं बिघडतं काय?

वेट बेल्टचं रबर साधं नसतं. तेल आणि उष्णता सोसणारं खास रबर, आत काचेच्या धाग्यांची दोरी, दातांवर घासलं जाऊ नये म्हणून कापडाचं आवरण, अशी त्याची रचना असते. ताज्या, योग्य ग्रेडच्या तेलात तो चांगला टिकतो. अडचण अशी की इंजिनातलं तेल ताजं राहत नाही.

इंजिन थंड असताना सिलिंडरमध्ये फवारलेलं सगळं पेट्रोल जळत नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली तेलात मिसळतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत हे जास्त होतं. लांबच्या प्रवासात तेल पुरेसं तापतं आणि हे पेट्रोल उडून जातं. पण गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर ते तेलातच साचत राहतं. डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर साफ होताना जादा डिझेल फवारलं जातं, तेही काही प्रमाणात तेलात उतरतं. शिवाय जुन्या तेलात आम्ल तयार होतं, पाणी येतं.

अशा तेलात बेल्ट वर्षानुवर्षं भिजला की रबर फुगतं, मऊ पडतं, कडांना भेगा जातात, कण सुटायला लागतात. यानंतर दोन गोष्टी होऊ शकतात.

एक, बेल्ट तुटतो किंवा दात गळतात आणि वर सांगितलेला वॉल्व्ह-पिस्टनचा अपघात होतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. बेल्ट अजून शाबूत असतो, पण त्याचे कण तेलाबरोबर खाली चेंबरमध्ये उतरतात आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी बुजवतात. चेंबरमध्ये तेल भरपूर आहे, डिपस्टिकवर लेव्हल बरोबर आहे, पण पंपाला ते ओढताच येत नाही. तेलाचा दाब पडतो. टर्बो, बेअरिंग, कॅमशाफ्ट कोरडे पडतात आणि इंजिन सीझ होतं. रीलमधला मेकॅनिक जी जाळी दाखवतो ती हीच.

कोरड्या बेल्टचे तुकडे सुटले तर ते कव्हरमध्ये पडून राहतात. वेट बेल्टचे कण मात्र तेलाच्या वाटेने सगळ्या इंजिनात फिरू शकतात. दोघांमधला मोठा फरक हाच.

फोर्ड: बक्षिसं मिळवणारं इंजिन आणि चेन्नईत बनलेली गाडी

या गोष्टीतलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे फोर्डचं १.० लिटर इकोबूस्ट. २०१२ मध्ये आलेलं हे तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन. त्याचा ब्लॉक ए-फोर कागदावर मावतो, ही जाहिरात तेव्हा खूप चालली. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं त्याला 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला. लिटरभर इंजिनात मोठ्या गाडीची ताकद बसवणं हे तेव्हा खरंच मोठं काम होतं.

या इंजिनात टायमिंग बेल्ट तेलात होता आणि ऑइल पंप चालवणारा छोटा बेल्टही तेलातच होता. ब्रिटनमध्ये टायमिंग बेल्ट बदलायची मुदत सांगितली होती दहा वर्षं किंवा दीड लाख मैल, म्हणजे जवळपास २ लाख ४० हजार किलोमीटर. बहुतेक पहिल्या मालकांनी याचा अर्थ घेतला की आपल्याला या बेल्टकडे बघायची गरजच पडणार नाही.

पुढे बेल्ट मुदतीआधी झिजल्याच्या तक्रारी युरोपभर वाढल्या. नंतरच्या आवृत्तीत फोर्डने टायमिंगसाठी चेन घेतली.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत याच इंजिनाच्या दुसऱ्या बेल्टवरून मोठा रिकॉल निघाला. रस्ते सुरक्षा संस्था एनएचटीएसएकडे फोर्डने कळवलं की २०१६ ते २०१८ च्या फोकस आणि २०१८ ते २०२२ च्या इकोस्पोर्ट, अशा १.० लिटर इंजिनाच्या सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावत आहोत. ऑइल पंपाच्या बेल्टचा टेन्शनर तुटू शकतो किंवा बेल्ट झिजून त्याचे दात जाऊ शकतात, हे कारण होतं. तेलाचा दाब गेला तर चालती गाडी बंद पडू शकते आणि ब्रेकला मिळणारी मदत जाऊ शकते.

या बातमीतला एक तपशील आपल्याकडे फारसा कोणी बोलला नाही. अमेरिकेत विकली गेलेली इकोस्पोर्ट बनत होती चेन्नईजवळच्या मरैमलाई नगरमध्ये. म्हणजे गाडी आपल्याकडे तयार झाली आणि तिच्यातल्या तेलात बुडालेल्या बेल्टची दखल सुरक्षेचा दोष म्हणून अमेरिकेत घेतली गेली.

प्यूजो-सित्रोएन: मुदत कमी केली, वॉरंटी वाढवली

दुसरं मोठं प्रकरण फ्रान्सचं. प्यूजो आणि सित्रोएनच्या १.२ लिटर 'प्युअरटेक' इंजिनातही टायमिंग बेल्ट तेलात होता. यालाही त्याच्या गटात सलग पुरस्कार मिळाले. पुढे ओपलच्या गाड्यांतही ते बसलं. हा सगळा गट आज स्टेलांटिस या कंपनीत आहे.

इथे बेल्टच्या कणांचा त्रास थेट ब्रेकपर्यंत गेला. ब्रेक पेडल हलकं ठेवणाऱ्या व्हॅक्यूम पंपालाही इंजिनचंच तेल लागतं. त्याची वाट बुजली की पेडल कडक होतं. त्यामुळे युरोपात लाखो गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. सर्व्हिस सेंटरमध्ये बेल्टची रुंदी मोजण्यासाठी खास माप आलं. तेल ओतायच्या तोंडातून ते आत घालायचं, बेल्ट फुगून त्यात मावत नसेल तर बदलायचा.

मूळ हिशेब दहा वर्षांचा होता. नंतर तो सहा वर्षं किंवा एक लाख किलोमीटरवर आणला गेला. युएफसी-क्यू शोआजीर या फ्रान्समधल्या ग्राहक संघटनेने विषय लावून धरला. अखेर मार्च २०२४ मध्ये स्टेलांटिसने या त्रासासाठी दहा वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत संरक्षण जाहीर केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याआधी स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केलेल्यांसाठी भरपाईचं पोर्टलही सुरू झालं. अट एक होती, सर्व्हिसची कागदपत्रं दाखवा. कंपनीच्या नव्या १.२ लिटर हायब्रिड इंजिनात आता चेन आहे.

दहा वर्षांचा आकडा चुकला कुठे?

आता कमेंटमधल्या त्या भांडणाकडे येऊ. चूक कंपनीची की मालकाची?

चुकीचं किंवा जुनं तेल बेल्टचं आयुष्य कमी करतं, यात वाद नाही. पण मालकच दोषी असते, तर कंपन्यांनी मुदत दहा वरून सहा वर्षांवर आणायची, वॉरंटी वाढवायची आणि नव्या इंजिनात चेन घ्यायची गरज नव्हती. मुदत कमी करणं म्हणजेच मूळ आकडा रोजच्या वापराला धरून नव्हता, हे मान्य करणं.

दहा वर्षांचा आकडा टिकायला काय काय जुळून यायला हवं ते बघा. प्रत्येक वेळी अचूक ग्रेडचं तेल, प्रत्येक ऑइल चेंज वेळेवर, इंजिन रोज नीट तापणारं, आणि हे सगळं सलग दहा वर्षं. तेवढ्या काळात गाडी दोन-तीन हातांतून जाते. तिसऱ्या वर्षी कोणीतरी नाक्यावरच्या गॅरेजमध्ये स्वस्तातलं तेल टाकलं, तर बेल्ट त्याच दिवशी तुटत नाही. तो सातव्या वर्षी तुटतो, तेव्हा गाडी दुसऱ्याच्या नावावर असते.

म्हणून हा खर्च फिरत फिरत सेकंड हँड गाडी घेणाऱ्यावर येतो. कंपनीला ग्रॅमचा फायदा पहिल्या वर्षीच मिळालेला असतो. पहिल्या मालकाने कमी मेंटेनन्सची गाडी म्हणून ती वापरलेली असते. शेवटी बिल भरतो तो, ज्याने ना इंजिन डिझाइन केलं, ना ते तेल टाकलं. आणि बहुतेक वेळा तोच नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी घेणारा असतो.

मग चेन असलेली गाडी म्हणजे निश्चिंत?

तसंही नाही. चेन लांबते, तिचा टेन्शनर जातो, तेल जुनं असेल तर हे लवकर होतं. फोक्सवॅगनने तर उलटा प्रवास केला. तिच्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांच्या आधीच्या पिढीत चेन होती आणि तिच्याबद्दल युरोपात भरपूर तक्रारी होत्या. पुढच्या पिढीत कंपनी कोरड्या बेल्टवर गेली. आज भारतात टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हियात मिळणारं १.० लिटर टीएसआय त्याच पिढीचं आहे. त्यात बेल्ट आहे, पण कोरडा. रील बघून या गाड्यांच्या मालकांनी घाबरायचं कारण नाही.

फरक इशाऱ्याचा आहे. चेन सहसा खडखडून बोलते, विशेषतः सकाळी गाडी सुरू करताना. कोरडा बेल्ट कव्हर काढून बघता येतो. वेट बेल्ट आत, अंधारात, आवाज न करता झिजतो.

आणखी एक शंका कमेंटमध्ये हमखास दिसते, की हे सगळं इथेनॉलमुळे होतंय. युरोपातल्या तक्रारी पाच ते दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलच्या काळातल्या आहेत आणि फोर्डच्या २.० लिटर डिझेल व्हॅनच्या बेल्टबद्दलही त्या आल्या. त्यामुळे ई-२० वरची चर्चा वेगळी ठेवा. ती इथे मिसळली तर बेल्टचा मूळ प्रश्न बाजूला पडतो.

भारतात कोणत्या गाड्या बघायच्या?

आधी दिलासा. आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांत चेन आहे. स्विफ्ट-डिझायरमधलं गाजलेलं १.३ लिटर डिझेल आणि होंडाचं १.२ लिटर आय-व्हीटेक, यांतही चेनच.

लक्ष द्यायचं ते प्रामुख्याने फोर्डच्या वापरलेल्या गाड्यांकडे. इकोस्पोर्ट २०१३ मध्ये भारतात आली तेव्हा तिच्यात १.० लिटर इकोबूस्टचा पर्याय होता. २०१७ च्या शेवटी आलेल्या नव्या इकोस्पोर्टमध्ये १.५ लिटरचं तीन सिलिंडर 'ड्रॅगन' पेट्रोल इंजिन आलं. त्यातही टायमिंग बेल्ट तेलातच आहे. २०२० मध्ये एंडेवरला मिळालेलं २.० लिटर इकोब्लू डिझेल ज्या इंजिन कुटुंबातलं आहे, तेही याच पद्धतीचं. इकोस्पोर्टच्या १.५ लिटर डिझेलमध्ये मात्र कोरडा बेल्ट आहे. त्याची मुदत वेगळी, ती पाळायचीच.

याचा अर्थ या गाड्या वाईट आहेत असा नाही. इकोस्पोर्टवर जीव असलेले मालक पुणे-नाशिक-कोल्हापुरात भरपूर सापडतील. पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचा निर्णय जाहीर केला. म्हणजे आज बाजारात फिरणारी प्रत्येक इकोस्पोर्ट जुनी आहे आणि २०१३-१४ च्या गाड्यांनी दहा वर्षांची मुदत ओलांडलेली आहे. ओडोमीटरवर ४५ हजारच किलोमीटर दिसत असले, तरी बेल्टचं वय वर्षांतही मोजतात. 'कमी चाललेली गाडी' ही इथे नेहमीच चांगली बातमी नसते.

ट्रॅफिकचंही तेच. हिंजवडीच्या रांगेत तासाभरात दहा किलोमीटर झाले, तर ओडोमीटरला दहाच कळतात. बेल्ट आणि तेल मात्र पूर्ण तासभर काम करत असतात. आपल्याकडची उष्ण हवा एका बाबतीत मदत करते, इंजिन लवकर तापतं. पण शाळा, भाजी, स्टेशन अशा छोट्या फेऱ्यांनी तो फायदा बराचसा जातो.

सित्रोएनच्या भारतातल्या गाड्यांतही प्युअरटेक हे नाव आहे. एकाच नावाखाली इंजिनाच्या अनेक पिढ्या येऊन गेल्यात, त्यामुळे युरोपातल्या बातमीवरून तुमच्या गाडीचा निकाल लावू नका. चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या.

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलंही स्वस्तात मिळते म्हणून जुनी फिएस्टा किंवा प्यूजो घेतात. हा लेख त्यांना पाठवायला हरकत नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि सदोष गाड्या परत बोलवायला लावायचा अधिकार सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर चौकशी होते, सक्तीचा रिकॉल होऊ शकतो, कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर करता येते.

पण या नियमांत एक मर्यादा आहे. ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. बेल्टला दिलेलं वचन दहा वर्षांचं. सातव्या आणि दहाव्या वर्षाच्या मध्ये तो गेला, तर कंपनीच्या शब्दाप्रमाणे तो टिकायला हवा होता, आणि रिकॉलच्या नियमाप्रमाणे गाडी मोजणीतच नाही. हळूहळू झिजणाऱ्या पार्टचा दोष नेमका याच वर्षांत उघड होतो.

दुसरी अडचण शब्दाची. बेल्ट झिजला तर तो 'मेंटेनन्स' की 'दोष'? मेंटेनन्स म्हटलं की बिल मालकाचं, दोष म्हटलं की कंपनीचं. अमेरिकेत ऑइल पंपाचा बेल्ट 'दोष' ठरला, कारण त्यातून गाडी बंद पडण्याचा आणि ब्रेकचा धोका पुढे आला. कंपनीने स्वतः मुदत लिहून दिलेला पार्ट त्या मुदतीआधी, सगळी सर्व्हिस झालेली असताना गेला, तर तो निव्वळ मेंटेनन्स कसा? हा प्रश्न आपल्याकडेही विचारायला हवा, आणि सात वर्षांची मर्यादा अशा पार्टच्या जाहीर मुदतीशी जोडायला हवी.

तोपर्यंत ग्राहक म्हणून १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण तिथेही पहिला प्रश्न फ्रान्ससारखाच येतो, सर्व्हिसचे कागद कुठे आहेत?

तुम्ही काय करायचं?

गाडी तुमचीच असेल तर:

• तुमच्या इंजिनात चेन आहे, कोरडा बेल्ट आहे की वेट बेल्ट, हे चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा. ऑइल पंपाला वेगळा बेल्ट आहे का, तेही विचारा. हा दुसरा बेल्ट बरेच जण विसरतात.

• तेलाच्या डब्यावर फक्त जाडीचा आकडा जुळून चालत नाही. मॅन्युअलमध्ये कंपनीचा मंजुरी कोड दिलेला असतो, तो डब्यावर छापलेला हवा. फोर्डच्या १.० इकोबूस्टसाठी तो डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी असा आहे. बिलावर तेलाचं पूर्ण नाव लिहून घ्या.

• छोट्या फेऱ्या आणि ट्रॅफिक जास्त असेल, तर ऑइल सांगितलेल्या मुदतीआधी बदला. किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलाच. इंजिनाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

• कंपनीने सांगितल्याशिवाय इंजिन फ्लश किंवा तेलात टाकायची औषधं वापरू नका. त्यातली रसायनं बेल्टच्या रबराला मानवतीलच असं नाही.

• बेल्ट बदलताना ऑइल चेंबर उघडून जाळी साफ करायला सांगा. नवा बेल्ट आणि बुजलेली जाळी या जोडीने इंजिन वाचत नाही.

• ऑइलचा लाल दिवा लागला किंवा ब्रेक पेडल अचानक कडक वाटलं, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. 'गॅरेज दोन किलोमीटरवर आहे' म्हणून चालवत नेऊ नका, टो करून न्या.

जुनी गाडी घेत असाल तर:

• आधी सर्व्हिस हिस्ट्री, मग टेस्ट ड्राइव्ह. मधली दोन-तीन वर्षं कोरी असतील तर बेल्ट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. या कामाला खास टूल लागतात आणि मजुरी बरीच असते, म्हणून आधी लेखी कोटेशन घ्या.

• 'बेल्ट बदललाय' या तोंडी शब्दावर जाऊ नका. बिल बघा, त्यावर पार्ट नंबर आणि त्या दिवशीचे किलोमीटर हवेत.

• तेल ओतायचं झाकण उघडून आत बघा. काळा घट्ट थर दिसला तर सौदा तिथेच थांबवा. काही इंजिनांत याच तोंडातून बेल्टही दिसतो. कडांना भेगा, सुटलेले धागे दिसतात का बघा.

शेवटी

वेट बेल्टची कल्पना टाकाऊ नव्हती. तिने इंधन वाचवलं, इंजिन छोटं केलं. चूक झाली ती दहा वर्षांचा आकडा छापून निश्चिंत राहायला सांगण्यात. युरोपात ग्राहक एकत्र आले, कागद जपून ठेवले, तेव्हा कुठे तो आकडा बदलला आणि पैसे परत मिळायला लागले.

त्यामुळे रील बघून गाडी विकायची घाई करू नका. आज घरी गेल्यावर ग्लोव्ह बॉक्समधून मॅन्युअल काढा, टायमिंग बेल्टचं पान शोधा, शेवटचं सर्व्हिसचं बिल बाजूला ठेवा आणि तेलाचा कोड जुळतो का बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि ते बिल फेकू नका. पुढे कधी कंपनीसमोर बसायची वेळ आली, तर तुमच्या बाजूने बोलायला तोच एक कागद असेल.